गुप्तरोग तपासणी आणि प्रतिजैविकांची वेळ (खानदेश)

लैंगिक संबंधातून होणाऱ्या संसर्गाच्या तपासणीचा निकाल दोन गोष्टींवर ठरतो: संबंध येऊन किती दिवस झाले, आणि नमुना देण्याआधी प्रतिजैविक पोटात गेले होते का. परमा (गोनोरिया) आणि गरमी (सिफिलिस) ही यांतल्या दोन आजारांची जुनी नावे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे दुसरी गोष्ट जास्त नडते, कारण सरकारी दवाखान्याची पायरी चढण्याआधी अनेकांची मेडिकलवर फेरी झालेली असते.

काउंटरवरची गर्दी ओसरू द्यायची आणि हळूच म्हणायचे, "लघवीला आग होतेय." हातात येते अ‍ॅझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅमची तीन गोळ्यांची पट्टी. दोन गोळ्यांत आग थांबते, तिसरी खिशातच राहते. परम्याचे जंतू एवढ्याने संपतीलच असे नाही. या औषधाला ते अनेक ठिकाणी दाद देत नाहीत. पण ते इतके दबतात की प्रयोगशाळेत वाढवायला ठेवलेल्या नमुन्यात उगवत नाहीत. रिपोर्ट 'निगेटिव्ह' येतो, आणि कोणते औषध लागू पडेल हे कळण्याची संधीही जाते.

जंतूंचे जनुकीय द्रव्य शोधणाऱ्या चाचणीत उलटे घडते. तिला मेलेला जंतूही दिसतो, म्हणून आजार बरा झाल्यावरही काही आठवडे ती 'पॉझिटिव्ह' येऊ शकते. क्लॅमिडिया हा असाच आणखी एक संसर्ग; तो गेला का, हे ४ आठवड्यांच्या आत पाहू नये. ३ महिन्यांनी मात्र पुन्हा तपासावे, कारण जोडीदाराने औषध घेतलेले नसेल तर संसर्ग परत होतो.

गरमीचे निदान रक्तावर होते. दुसऱ्याच दुखण्यासाठी घेतलेल्या अमॉक्सिसिलिन किंवा डॉक्सिसायक्लिनने तिची जखम दबू शकते आणि रक्तातली खूण उशिरा उमटते. अशा वेळी ३ महिन्यांनी पुन्हा तपासणी हवी. उपचारानंतर व्हीडीआरएल या रक्तचाचणीचा आकडा १:३२ वरून १:८ वर, म्हणजे चौपट खाली आला, तर औषध लागू पडले. गरमीचीच दुसरी रक्तचाचणी, टीपीएचए, मात्र बहुधा जन्मभर 'पॉझिटिव्ह' राहते. हे कुणी समजावून न सांगितल्याने बरी झालेली माणसे उगाच धास्तावतात. एचआयव्हीच्या निकालावर प्रतिजैविकांचा परिणाम होत नाही. तिथे संबंध आल्यापासून चाचणीच्या प्रकारानुसार ९० दिवसांपर्यंत थांबावे लागते.

या ३ महिन्यांचे गणित इथल्या हंगामाशी जुळवायला हवे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी असलेल्या माणसाची फेरतपासणी श्रावणाच्या आसपास येते, तेव्हा तो गावातच असतो. दिवाळीच्या तोंडावर तपासलेला मात्र तोवर गुजरातेत उसाच्या फडात असतो.

सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये लक्षणांवरून त्याच दिवशी मोफत औषध देतात. लघवीच्या मार्गातून स्राव होत असेल तर राखाडी किट, म्हणजे अ‍ॅझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्सिम ४०० मिलिग्रॅम. धडगाव-अक्कलकुव्याहून आलेला माणूस रिपोर्टसाठी दुसरा रोज बुडवेलच असे नाही, म्हणून ही पद्धत योग्यच आहे. फक्त नमुना किटच्या आधी घ्यावा. लघवीचा असेल तर निदान तासभर लघवी न करता, पहिल्या धारेचा.

औषध आधीच सुरू असेल तर तपासणीसाठी ते मध्येच सोडू नये. पट्टी रिकामी असो वा एक गोळी उरलेली, ती सोबत आणावी. औषधाचे नाव आणि शेवटची गोळी घेतल्याची तारीख केसपेपरवर असेल, तरच डॉक्टरांना त्या 'निगेटिव्ह'चा अर्थ लावता येतो.