दडलेली आकृती आणि कोपऱ्यावरचा पाय

बी.पी.एड.च्या, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या वर्गात बोधात्मक शैली, म्हणजे माणसाची बघण्या-समजण्याची पद्धत मोजायची म्हटलं की बहुधा मानसशास्त्रज्ञ हर्मन विटकिन यांची दडलेल्या आकृत्यांची चाचणी हाती येते. पुस्तिकेच्या मागच्या पानावर साध्या आकृत्या, आत रेघांचं जंजाळ. त्यातून सांगितलेली आकृती हुडकून पेन्सिलीने गिरवायची. आकार तोच, दिशाही तीच. सरावाच्या ७ आकृत्यांना २ मिनिटं, पुढे दोन भागांत ९-९ आकृत्या, प्रत्येकी ५ मिनिटं. गुण या १८ आकृत्यांचेच. जास्त गुणांचा, म्हणजे भोवतालातून हवी ती गोष्ट वेगळी काढणारा, तो क्षेत्र-स्वतंत्र. ज्याची नजर भोवतालात गुंतते तो क्षेत्र-अवलंबी.

विदर्भातल्या खेड्यापाड्यांत ही चाचणी बिघडते ती साध्या कारणांनी. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की बारीक रेघा उडतात. सोय म्हणून साधी आकृती फळ्यावर काढली, तर दोन्ही आकृत्या एकदम दिसतात आणि चाचणीचा जीवच जातो. खरं तर पान उलटून, हवं तितक्यांदा बघायचं असतं. सूचना इंग्रजीतून वाचल्या तर वऱ्हाडी बोलणाऱ्या पोराचा सराव त्या उमगण्यातच संपतो. मे महिन्यात दुपारी टिनाखाली बसवून घेतलेले गुण उकाड्याचे असतात. सकाळी घ्या, मैदानावर जायच्या आधी.

मग विचारशैलीची प्रश्नावली घेऊन दोन्हींचा सहसंबंध काढतात, म्हणजे दोन्हींचे गुण किती सोबत बदलतात त्याचा आकडा. तो ०.३ आला तरी हुरळू नये: त्या आकड्याचा वर्ग ०.०९, म्हणजे गुणांतल्या फरकापैकी ९ टक्केच सामाईक. 'उजव्या मेंदूचा', 'डाव्या मेंदूचा' हे शिक्के तर नकोतच. युटा विद्यापीठाने २०१३ मध्ये हजारावर लोकांचे मेंदू-स्कॅन तपासले. अशी माणसं सापडली नाहीत.

कमी गुणांचा मुलगा कबड्डीत कच्चा, असंही ठरत नाही. पण चढाईत सात जण एकदम अंगावर येताना कोपरारक्षकाचा (कोपऱ्यावरच्या बचावपटूचा) पाय कधी हलला हे कुणाला दिसत नसेल, तर 'नीट बघ' म्हणून ओरडून भागत नाही. आधी एकटा कोपरारक्षक उभा करा. चढाई ३० सेकंदांचीच, दम चालूच. त्याचा पुढचा पाय हलला की चढाईपटूने हात वर करायचा. दहातून आठ वेळा जमलं की शेजारचा द्या, मग दोन्ही कोपऱ्यांच्या साखळ्या, मग सातही.

हातस्पर्श, पायस्पर्श, बोनस हे तिन्ही जमायला लागले की मिसळून घ्या. सलग एकच प्रकार घोटला की त्या दिवशी छान जमतो, नंतर विसरतो. शे आणि मॉर्गन या संशोधकांनी १९७९ मध्ये हाताच्या हालचालींवर हेच दाखवलं. म्हणून मोजणी त्याच दिवशी नको. दोन दिवसांनी, न सांगता घ्या.