बर्फ नसलेले महिने: स्की ठेवणीत टाकण्याच्या रीतीमागचा इतिहास

मे महिन्यात आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, धांदल असते. अंगणात मिरच्या आणि भिंडांची (कोकमांची) सोलं वाळत असतात, सुके बांगडे डब्यात भरून झालेले असतात. गेली तीन वर्षं त्यात एका कामाची भर पडली आहे. सोप्यावर दोन खुर्च्या समोरासमोर मांडायच्या आणि त्यांवर धाकट्या भावाच्या स्की आडव्या टाकायच्या. तो काही वर्षं नॉर्वेत नोकरीला होता. परत येताना दोन जोड घेऊन आला. एक आजच्या काळातला, फायबरग्लासचा. दुसरा जुन्या बाजारात मिळालेला, अख्खा लाकडाचा. फेब्रुवारीत पंधरा दिवस तो गुलमर्गला जातो, बाकीचे साडेअकरा महिने दोन्ही जोड आमच्याकडे असतात.

‘हंगाम संपल्यावर स्की अशा ठेवा’ असं सांगणाऱ्या सूचना त्याने मला वाचून दाखवल्या तेव्हा त्या एकमेकींना छेद देणाऱ्या वाटल्या. एक सूचना म्हणते जोड बांधून ठेवा, दुसरी म्हणते बांधू नका. एकीत मेण काढायला सांगितलंय, दुसरीत मेण लावून तसंच सोडायला. हळूहळू कळलं की त्या सगळ्या खऱ्याच आहेत, फक्त वेगवेगळ्या काळातल्या. स्की ज्या वस्तूची बनते ती बदलली, तसा तिचा शत्रू बदलला आणि राखण्याची रीतही. ही हकीकत त्या बदलाची आहे.

आधी वस्तू समजून घेऊ. बर्फावरून चालायची ही क्रॉस-कंट्री स्की लांब, अरुंद आणि हलकी असते. बुटाचं फक्त पुढचं टोक तिला अडकतं, टाच मोकळी राहते. सपाट जमिनीवर, चढावर, रानावनातून चालण्यासाठीच ती घडली. तिचं सगळं मर्म मधल्या बाकात आहे. स्की जमिनीवर ठेवली तर दोन टोकं टेकतात आणि पायाखालचा भाग कमानीसारखा वर राहतो. दोन्ही पायांवर उभे असताना ही कमान बर्फाला टेकत नाही, म्हणून स्की घसरते. एका पायावर सगळा भार दिला की कमान दबते, मधल्या भागाला लावलेलं चिकट, पकडीचं मेण बर्फाला धरतं आणि माणूस पुढे रेटला जातो. बाक गेला की स्की गेली. साठवणुकीच्या बहुतेक जुन्या रीती या बाकासाठीच आहेत.

स्की किती जुनी? रशियाच्या उत्तरेत सिंदोर सरोवराजवळ सापडलेले लाकडी तुकडे सुमारे 8000 वर्षांपूर्वीचे मानले जातात. स्वीडनमधल्या काल्वत्रेस्क इथे 1924 साली मिळालेली स्की 5000 वर्षांहून जुनी आहे. पण मला सगळ्यात जवळची वाटते ती नॉर्वेतल्या दिगेरवार्देन डोंगरावरची जोडी. तिची पहिली स्की 2014 साली वितळत्या हिमपट्ट्यातून बाहेर आली. दुसरी तिच्यापासून काही पावलांवर, 2021 साली. दोन्ही साधारण 1300 वर्षांपूर्वीच्या. दुसरीची लांबी 187 सेंटीमीटर. पाय अडकवायला पिळलेल्या बर्चच्या फांदीचे वेढे आणि चामड्याचा पट्टा, तोही शाबूत. दोन्ही स्की हुबेहूब सारख्या नाहीत, वापरून झिजलेल्या आहेत आणि दुरुस्तही केलेल्या आहेत. हे वाचताना मी थांबलो. तेराशे वर्षांपूर्वी कोणीतरी ती स्की हातात घेऊन बसला होता, फाटलेलं जोडत होता. त्या टिकल्या त्या अंधारामुळे आणि सतत सारख्या राहिलेल्या थंडीमुळे. तेच लाकूड एखाद्या छपराखाली उन्हा-पावसात राहिलं असतं तर केव्हाच मातीत गेलं असतं.

लाकडी स्कीचा शत्रू पाणी. लाकूड दमट हवेत ओल पितं, कोरड्या हवेत सोडतं, आणि दर वेळी थोडं हलतं. म्हणून तळाला पाइनचं डांबर. उत्तरेकडे हे डांबर झाडाच्या बुंध्यांतून आणि मुळांतून काढत. राळेने भरलेली लाकडं उतरत्या तळाच्या खड्ड्यात रचायची, वरून मातीचे चापडे लावायचे आणि हवा कोंडून दिवसच्या दिवस धुमसत ठेवायची. खालच्या नळीतून काळा, दाट रस ठिबकत राही. याच रसाने नॉर्वेतली जुनी लाकडी चर्च शेकडो वर्षं उभी राहिली. यातलंच बरंचसं डांबर, मुख्यतः तेव्हा स्वीडनच्या ताब्यात असलेल्या फिनलंडच्या किनाऱ्यावरून, स्टॉकहोमच्या नावाने युरोपभरच्या जहाजांना जाई. 1648 साली त्या व्यापाराचा मक्ता एका कंपनीला दिला गेला, इतका तो मोलाचा होता. जहाज आणि स्की, दोघींना एकच औषध.

हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आपल्या किनाऱ्यावर होड्यांच्या फळ्यांना माशाचं तेल आणि काजूच्या टरफलांचं तेल चोपडत आले आहेत. काळं, चिकट, हाताला लागलं तर कातडी सोलवटणारं. आणि होडी ठेवणीत टाकण्याचा काळही ठरलेला. जून लागला की रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे मच्छीमार, होडी वाळूवर ओढून झावळ्यांच्या खोपीत ठेवतात. यांत्रिक होड्यांना 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची मासेमारीबंदी असते. पोर्तुगीज या पावसाळ्याला चक्क ‘इन्व्हर्नो’, म्हणजे हिवाळा, म्हणत. त्यांची गलबतंही या दिवसांत समुद्रात जात नसत. नॉर्वेतल्या माणसाचा हिवाळा कामाचा आणि उन्हाळा ठेवणीचा, गोव्यातल्या खलाशाचा हिवाळाच ठेवणीचा. नाव एक, हंगाम उलटा.

डांबर लावायची रीत लाकडी जोडावर मी स्वतः पाहिली. भावाने तळ घासून कोरा केला, ब्रशने डांबराचा पातळ हात दिला आणि गॅसच्या ज्योतीने खालून वर शेकत नेला. डांबर आधी चमकलं, मग बुडबुडे आले, मग लाकडाने ते आत ओढून घेतलं. लगेच फडक्याने पुसायचं. ज्योत एका जागी क्षणभर जास्त थांबली तर लाकूड करपतं. घरभर असा वास सुटला की आईने आतून विचारलं, “चूल कुठे पेटवलीस रे?” जुने लोक हे काम वसंतात करून स्की ठेवत आणि हिवाळ्याच्या तोंडावर आणखी एक हात देत. डांबराचा दुसरा उपयोग असा की त्यावर मेण चांगलं धरतं.

आता बांधण्याची गोष्ट. लाकडी जोड तळाला तळ लावून टोकांशी बांधायचा आणि मध्ये, जिथे दोन कमानींमधली फट सर्वांत मोठी असते, तिथे लाकडाचा ठोकळा घालायचा. पुढच्या वळलेल्या शेंड्यांमध्येही एक काडी. मग उन्हाळाभर लाकूड हललं तरी बाक जागेवर राहतो. पहिल्या वर्षी आम्ही ठोकळा न घालता नुसत्या सुंभाने आवळून बांधलं होतं. शेजारचे मेस्त, म्हणजे सुतार, खिडकी दुरुस्त करायला आले होते. त्यांनी आयुष्यात बर्फ पाहिलेला नाही. जोड उचलून, एक डोळा मिटून कडेने पाहिलं आणि म्हणाले, “हें घट्ट बांदूं नाकात, बाक वतलो.” म्हणजे, घट्ट बांधू नका, बाक जाईल. मग फणसाच्या लाकडाचा उरलेला तुकडा घेऊन तीन बोटं जाडीचा ठोकळा तासला, कडा गोल केल्या, की स्कीला व्रण पडू नये. नॉर्वेतल्या सुतारानेही हेच केलं असतं.

सुतारकीचा हा धागा मोठ्या इतिहासातही आहे. नॉर्वेच्या तेलेमार्क भागातल्या मोर्गेदालचा सोंद्रे नोरहेम (1825–1897) हा स्की मध्ये अरुंद करून तिला वळायला शिकवणारा म्हणून ओळखला जातो. त्याच गावचा ओलाव ब्यालान हा स्कीपटू आणि सुतार, दक्षिण ध्रुवावर पहिल्यांदा पोचलेल्या अमुंडसेनच्या तुकडीत होता. 1911 साली अंटार्क्टिकातले चार महिने सूर्य उगवला नाही. त्या बंद काळात ब्यालान बर्फाखाली खोदलेल्या खोलीत घसरगाड्या तासत बसला आणि त्यांचं वजन कितीतरी उतरवलं. डिसेंबरात ते ध्रुवावर पोचले त्यामागे त्या अंधारातल्या रंध्याचा वाटा मोठा आहे असं मला ठामपणे वाटतं.

स्कीचं लाकूडही बदलत गेलं. पाइन आणि बर्चच्या जागी अॅश, मग अमेरिकेहून येणारं चिवट हिकरी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पातळ पट्ट्या चिकटवून स्की बनू लागल्या, आणि 1930 च्या दशकात ‘स्प्लिटकाइन’ नावाच्या बहुपट्टी स्कीने ते तंत्र पक्कं केलं. पट्ट्या एकमेकींना धरून ठेवतात, त्यामुळे वाकडं होण्याची भीती कमी झाली. नवी भीती आली ती सरसाची. ओलीने सांधा सुटला तर?

स्प्लिटकाइनशी जोडलेलं पेटर ओस्टबी हे नाव मेणाच्या इतिहासातही येतं. पूर्वी प्रत्येकाचं मेण घरचं आणि गुपित असे: डांबर, मधमाशीचं मेण, राळ, वितळवलेल्या सायकलच्या ट्यूब, अगदी ग्रामोफोनच्या तबकड्यासुद्धा. ओस्टबीने 1913 साली ‘क्लिस्टर’चं पेटंट घेतलं. वितळून पुन्हा गोठलेल्या, खरखरीत बर्फासाठीचा हा चिकट लगदा. 1946 साली स्वीडनमध्ये स्विक्स ही मेणाची कंपनी सुरू झाली आणि तापमानानुसार रंग ठरलेली मेणं आली. हिरवं कडक थंडीला, निळं त्याहून कमी थंडीला, लाल ओलसर बर्फाला.

क्लिस्टर काय असतं ते गोव्यात सांगणं सोपं आहे: फणसाचा चीक. थंडीत ते नळीतून निघत नाही, गरमीत पाझरत सुटतं. गुलमर्गहून आलेल्या स्कीवर बोटभर क्लिस्टर राहून गेलं होतं. एप्रिलच्या उकाड्यात ते वितळून पिशवीच्या चेनपर्यंत पोचलं. पाण्याने उलट पसरलं. शेवटी आईनेच खोबरेल पुढे केलं, फणस कापताना हाताला लावतात तसं. हात तेवढ्याने सुटले. स्कीवरचं आधी पट्टीने खरवडून, मग मेण काढायच्या द्रावणाने पुसलं. ‘ठेवण्याआधी पकडीचं मेण पूर्ण काढा’ ही सूचना थंड देशात टापटिपीची असेल, आपल्याकडे ती सक्तीची आहे.

मग प्लास्टिक आलं. 1950 च्या दशकात तळाला पॉलिएथिलीन लागू लागलं. 1974 साली स्वीडनमधल्या फालूनच्या जागतिक स्पर्धेत फायबरग्लासच्या स्कींनी लाकडाला मागे टाकलं, आणि दोन-चार वर्षांत शर्यतींतून लाकूड जवळजवळ नाहीसं झालं. शेकडो वर्षांचं डांबराचं ज्ञान एका पिढीत निरुपयोगी ठरलं. पॉलिएथिलीन पाणी पीत नाही. त्याचा शत्रू हवा, ऊन आणि धूळ: उघडं राहिलं की पृष्ठभाग हळूहळू ऑक्सिडाइझ होतो, पांढुरका पडतो, मेण नीट घेत नाही. म्हणून घसरणीच्या भागावर, म्हणजे पुढच्या-मागच्या टोकांकडच्या तळावर, मऊ मेणाचा जाड थर इस्त्रीने द्यायचा आणि न खरवडता तसाच सोडायचा. तो थर म्हणजे उन्हाळ्याचं पांघरूण. इस्त्री साधारण 120 अंशांवर आणि सतत सरकती हवी, कारण पॉलिएथिलीन स्वतःच 130 च्या वर वितळू लागतं. मेण काढायचं द्रावण या भागावर नको, ते फक्त मधल्या पकडीच्या पट्ट्यासाठी.

ठोकळ्याची गरजही इथे संपली. फायबरग्लासचा बाक कारखान्यातच साच्यात बसवलेला असतो. त्याला ठोकळ्याने ताणायचं नाही आणि पट्ट्याने दाबायचंही नाही. सैल, मोकळं ठेवायचं. पण आजोबांनी जोड बांधलेला पाहिलेली माणसं प्लास्टिकचा जोडही आवळून बांधत राहिली. वस्तू बदलली, हाताची सवय राहिली. माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत जास्त होणारी चूक हीच.

अलीकडचा बदल मेणातला. फ्लोरिनयुक्त मेणं फार वेगवान, पण त्यातली रसायनं वर्षानुवर्षं माती-पाण्यात टिकतात आणि मेण लावणाऱ्यांच्या रक्तात सापडली. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने 2023–24 च्या हंगामापासून स्पर्धांत त्यांच्यावर बंदी घातली. त्यामुळे स्पर्धक आता जुने तळ पुन्हापुन्हा स्वच्छ करतात.

या सूचना लिहिणाऱ्यांनी डोळ्यांसमोर ठेवला तो थंड, कोरडा उन्हाळा. आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि जुलैत हवेत 85–90 टक्के ओल. पहिल्या पावसाळ्यात आम्ही बूट प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माळ्यावर ठेवले, राखले जातील म्हणून. सप्टेंबरात पिशवी उघडली तर चामड्यावर हिरवट बुरशी, स्कीवर बूट अडकवायच्या बांधणीच्या स्प्रिंगला गंज, आणि तळव्याचा मधला थर हाताने चिमटला तसा भाकरीसारखा चुरत गेला. ते पॉलियुरेथेन होतं. ओलीने त्याची रासायनिक साखळीच तुटत जाते, आणि कोंडलेल्या ओलीत हे जास्त वेगाने होतं. मला त्या बुटांचं फार वाईट वाटलं. ते भावाने पहिल्या पगारातून घेतले होते.

तेव्हापासून माळा बंद. मंगळुरी कौलांखाली मेमध्ये भट्टी असते आणि जुलैत बाष्प. स्की आता मधल्या खोलीच्या लाकडी कपाटात असतात, बाहेरच्या भिंतीला न टेकता. बूट कागद भरून उघडे, बांधणीला तेलाचा थेंब. कपाटाच्या डाव्या बाजूला लाकडी जोड: टोकं बांधलेली, मध्ये मेस्तांचा फणसाचा ठोकळा. उजवीकडे फायबरग्लासचा: सैल, तळावर मेणाचा पिवळसर थर तसाच. पावसाने दोन दिवस उघडीप दिली की आई गोधड्यांबरोबर कपाटाची दारंही उघडी टाकते आणि बुटांत हात घालून पाहते.