आसन-वीजपुरवठा, विमानातील

आसन-वीजपुरवठा, विमानातील : प्रवासी विमानात आसनाखाली, दोन आसनांच्या मधे किंवा समोरच्या आसनाच्या पाठीवर बसवलेल्या सॉकेटमधून लॅपटॉप, मोबाइल यांसारख्या उपकरणांना वीज देणारी व्यवस्था.

इंजिनांना जोडलेली जनित्रे बहुतेक विमानांत ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्‌झची थ्री-फेज वीज निर्माण करतात. मराठवाड्यात शेतपंपाला मिळणारी थ्री-फेज वीज ५० हर्ट्‌झची असते. विमानात वारंवारता (प्रवाहाची दर सेकंदाची आवर्तने, जी हर्ट्झमध्ये मोजतात) मुद्दाम इतकी जास्त ठेवतात, कारण त्यामुळे ट्रान्सफॉर्मर आणि मोटारी आकाराने लहान व वजनाने हलक्या करता येतात. ही वीज घरगुती उपकरणांना थेट चालत नाही. म्हणून आसनांखालील परिवर्तक पेटी तिचे रूपांतर साधारणपणे ११० व्होल्ट, ६० हर्ट्‌झमध्ये करते, तर यूएसबी सॉकेटसाठी ५ व्होल्टचा एकदिश प्रवाह (डीसी) तयार केला जातो. लॅपटॉपच्या चार्जरवर बहुधा ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्‌झ’ असे छापलेले असते; असा चार्जर घरी २३० व्होल्टवर आणि विमानात ११० व्होल्टवर सारखाच चालतो.

सर्व आसनांना एकाच वेळी पूर्ण वीज पुरेल अशी तरतूद सहसा नसते. एक मध्यवर्ती नियंत्रक एकूण भारावर लक्ष ठेवतो आणि ठरलेली मर्यादा गाठली गेली, की नव्याने जोडलेल्या सॉकेटला वीज देत नाही. गावाकडच्या भारनियमनाशी याचे साम्य आहे, मात्र येथे आधीपासून चालू असलेली जोडणी तोडली जात नाही. केस वाळवण्याच्या यंत्रासारखे जास्त वीज ओढणारे उपकरण लावल्यास ते सॉकेट आपोआप बंद होते.

सुरक्षेच्या दृष्टीने सर्वांत विचारपूर्वक केलेली योजना म्हणजे पिन-ओळख. प्लगच्या दोन्ही पिना जवळजवळ एकाच वेळी आत गेल्याशिवाय सॉकेटमध्ये वीजच येत नाही. त्यामुळे लहान मुलाने एका छिद्रात काही खुपसले तरी धक्का बसत नाही. वापराने सैल झालेल्या सॉकेटमध्ये हीच ओळख चुकते, आणि पुरवठा असूनही सॉकेट बंद असल्यासारखे वाटते. अशा वेळी प्लग पूर्ण काढून एका दमात सरळ आत बसवणे योग्य.

छत्रपती संभाजीनगर (चिकलठाणा) येथून मुंबईपर्यंतचे उड्डाण साधारण तासाभराचे असते आणि अशा मार्गांवरील अनेक विमानांत ही सोय नसते. मुंबई किंवा हैदराबादहून पुढे परदेशी जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या विमानांत ती बहुधा आढळते. काही कंपन्या उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळी हा पुरवठा बंद ठेवतात.