एबीएस चाकगती सेन्सरचे दोषनिदान

अँटी-लॉक ब्रेक यंत्रणेला, म्हणजे एबीएसला, एखाद्या चाकाच्या वेगाचा संकेत मिळेनासा झाला किंवा चुकीचा मिळू लागला, तर बिघाड सेन्सरमध्ये आहे, वायरिंगमध्ये आहे, दातेरी रिंगमध्ये आहे की चाकाच्या बेअरिंगमध्ये, हे क्रमाने तपासून ठरवण्याची प्रक्रिया. भारतात एप्रिल 2019 पासून नव्या प्रवासी मोटारींना आणि 125 सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले. त्यामुळे एके काळी महागड्या गाड्यांपुरती मर्यादित असलेली ही तपासणी आता मुंबईतील लहानसहान गॅरेजांतही नित्याची झाली आहे.

सेन्सर दोन प्रकारचे असतात. जुन्या, निष्क्रिय प्रकारात लोहचुंबकावर तारेचे वेटोळे असते. चाकाबरोबर फिरणाऱ्या रिंगचे दात त्याच्यासमोरून सरकले की वेटोळ्यात प्रत्यावर्ती विद्युत्‌दाब निर्माण होतो आणि वेगाबरोबर त्याची वारंवारता व उंची दोन्ही वाढतात. चाक अगदी हळू फिरत असताना हा संकेत इतका क्षीण होतो, की नियंत्रकाला, म्हणजे एबीएस चालवणाऱ्या संगणकाला, तो वाचता येत नाही. सक्रिय प्रकारातील सेन्सरला नियंत्रकाकडून वीज पुरवली जाते. तो बहुधा सुमारे 7 आणि 14 मिलिअँपिअर अशा दोन पातळ्यांमध्ये प्रवाह बदलून संकेत देतो आणि चाक जवळजवळ थांबेपर्यंत वेग सांगू शकतो. अशा अनेक गाड्यांत दातेरी रिंगऐवजी बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी बसवलेली असते. कोणत्या प्रकारचा सेन्सर आहे हे ठरवल्याशिवाय मीटर लावू नये, कारण सक्रिय सेन्सरचा रोध (रेझिस्टन्स) मोजून काहीच निष्पन्न होत नाही आणि मीटरच्या विजेने त्यातील इलेक्ट्रॉनिक भाग बिघडण्याचीही शक्यता असते.

दोषाची पहिली खूण म्हणजे डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा. मोटारीत चावी फिरवल्यावर तो काही क्षण लागून विझणे स्वाभाविक आहे. तो विझतच नसेल, तर विद्युत्‌मंडल तुटल्याचा संशय आधी घ्यावा. गाडी हलल्यानंतर लागत असेल, तर संकेताच्या दर्जाचा. दिवा लागला तरी साधे ब्रेक काम करतात, मात्र चाक जखडण्यापासूनचे संरक्षण राहत नाही. त्याच्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल, तर गाडी रस्त्यावर नेऊ नये. दिवा न लागताही दोष असू शकतो: सिग्नलजवळ गाडी जेमतेम थांबत असताना पेडल थरथरले आणि पंपाचा आवाज आला, तर एखाद्या चाकाचा संकेत वेळेआधीच तुटत आहे आणि ते चाक जखडले असा नियंत्रकाचा गैरसमज होत आहे, असे समजावे.

मुंबईच्या परिस्थितीत या दोषांचे मूळ बहुतेक वेळा पाण्यात आणि खाऱ्या हवेत सापडते. शहरात पावसाळ्यात सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. हिंदमाता, मिलन सबवे किंवा अंधेरी सबवे येथे साचलेल्या पाण्यातून गेलेल्या गाडीच्या कपलरमध्ये, म्हणजे सेन्सरच्या वायरच्या जोडणीत, ओल शिरते, पिनांवर हिरवट थर चढतो आणि बिघाड अनेकदा पाणी ओसरल्यानंतर काही आठवड्यांनी प्रकट होतो. सेन्सरच्या बैठकीखाली साठलेला गंज त्याला वर उचलतो. सेन्सर आणि रिंग यांच्यातली, जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास असलेली फट वाढते आणि संकेत क्षीण होतो. खड्ड्यांनी बेअरिंगमध्ये येणारा प्ले (ढिलेपणा) आणि उभ्या गाडीची वायर कुरतडणारे उंदीर ही आणखी दोन कारणे आहेत.

स्कॅनरवरील, म्हणजे नियंत्रकाने नोंदवलेले दोष वाचणाऱ्या उपकरणावरील, कोडचा अर्थ लावताना सर्वाधिक चूक होते. ‘सी0035’ हा कोड सामान्यतः पुढच्या डाव्या चाकाचे मंडल दाखवतो. सेन्सर निकामी झाल्याचा तो निर्वाळा नव्हे. कोड पाहून थेट सेन्सर बदलणे ही घाई आहे, आणि तिचा भुर्दंड ग्राहकाला पडतो. त्याआधी लाइव्ह डेटा, म्हणजे स्कॅनरवर त्या क्षणी दिसणारे चाकांचे वेग, पाहावा. मोकळ्या, सरळ रस्त्यावर सावकाश गाडी चालवून चारही चाकांचे आकडे शेजारी शेजारी पाहिले, की दोषाचे स्वरूप उलगडते. एका चाकाचा आकडा इतरांच्या आधीच शून्यावर येत असेल, तर फट वाढली आहे किंवा गंज धरला आहे. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकदाच संकेत तुटत असेल, तर रिंगला तडा गेला आहे किंवा दात तुटला आहे. स्टिअरिंग वळवल्यावर किंवा खड्ड्यात आदळल्यावरच तो तुटत असेल, तर वायर आतून तुटलेली आहे किंवा बेअरिंग ढिले आहे. फरक सर्व वेगांत सारख्याच प्रमाणात राहत असेल, तर सेन्सरला हात न लावता टायरचा आकार आणि हवा तपासावी.

यानंतर मीटर हाती घ्यावा. निष्क्रिय सेन्सरचा रोध बऱ्याच गाड्यांत 800 ते 2,500 ओहमच्या दरम्यान असतो. दुसऱ्या बाजूच्या सेन्सरशी तुलना अधिक विश्वसनीय ठरते. चाक हाताने फिरवून एसी व्होल्ट मोजल्यास संकेत प्रत्यक्ष दिसतो. सक्रिय सेन्सरच्या बाबतीत चावी चालू ठेवून कपलरवर पुरवठा येतो का हे पाहावे, आणि संकेत ऑसिलोस्कोपवर (संकेताचा आलेख दाखवणाऱ्या उपकरणावर) तपासावा. डावा व उजवा सेन्सर एकसारखे असतील, तर त्यांची अदलाबदल करणे ही सर्वांत स्वस्त परीक्षा होय: दोष सेन्सरबरोबर गेला तर सेन्सर बदलावा, जागच्या जागी राहिला तर वायरिंग, रिंग व बेअरिंग पाहावे. गंजलेल्या बैठकीतून सेन्सर ओढून काढताना तो तुटू शकतो, म्हणून गंज आधी भिजवून सैल करणे आवश्यक आहे.

बेअरिंग नुकतेच बदललेले असेल आणि संकेत पूर्णपणे बंद असेल, तर चुंबकीय पट्टीची बाजू उलट बसली असण्याची शक्यता प्रथम तपासावी. दुरुस्तीनंतर कोड पुसून गाडी चालवून पाहावी, कारण अनेक गाड्यांत नियंत्रक चाकांचा संकेत पुन्हा पडताळेपर्यंत दिवा विझत नाही. बहुतेक दुचाकींत तर निर्दोष असतानाही तो दिवा गाडी थोडी पुढे गेल्यावरच विझतो.