अरेलियाची पानगळ आणि कुंडीतली हवा

दिवाळी होऊन दोन-तीन आठवडे झाले असतील. रामबागेतून आत्याचा फोन आला. "अरे, सणाला अरेलिया आणलं ना, त्याची पानं नुसती झडतायत. रोज पाणी घालते तरी थांबत नाहीत."

संध्याकाळी गेलो. बैठकीच्या आतल्या कोपऱ्यात, टीव्हीशेजारी झाड उभे होते. खाली फरशीवर पाने पडलेली, त्यांतली निम्मी चांगली हिरवी. फांदीला हात लागला की आणखी चार गळायची. कुंडीतली माती ओलीचिंब होती. आत्याच्या प्रश्नाचे उत्तर तिच्याच वाक्यात होते, पण ते समजायला या झाडाची थोडी ओळख हवी.

इंदूरच्या नर्सऱ्यांत अरेलिया म्हणून जे मिळते ते बहुधा पॉलिशियस असते. बारीक चिरलेल्या पानांचे मिंग, गोल पानांचे बाल्फोर, पांढऱ्या कडांची आणखी काही. १७७२ ते १७७५ या काळात कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीवर गेलेल्या फॉर्स्टर पितापुत्रांनी पॉलिशियस हे वंशनाम दिले. ग्रीकमधून त्याचा अर्थ होतो 'पुष्कळ छत्र्या', कारण याची फुले छत्रीसारख्या झुबक्यांत येतात. जिनसेंग याचा सख्खा नातलग, तर गाजर, कोथिंबीर, ओवा हे चुलत घराणे. मिंगचे पान चुरगळून वास घेतलात तर हे नाते नाकालाच कळेल. व्हिएतनाममध्ये मिंगची पाने माशाबरोबर कच्ची खातात. मात्र या झाडांतली सॅपोनिन द्रव्ये कुत्र्या-मांजरांना बाधतात आणि चिकाने काहींच्या कातडीला खाज सुटते, तेव्हा छाटताना हातमोजे घाला.

आता पानगळ. पान आपोआप तुटून पडत नाही, झाड ते सोडते. निरोगी पान देठातून ऑक्सिन हे संप्रेरक सतत खाली पाठवत असते. तो ओघ चालू आहे तोवर देठाच्या बुडाशी असलेल्या पेशींचा पातळ थर शांत राहतो. ओघ आटला की त्याच पेशी इथिलीन वायूला प्रतिसाद देऊ लागतात, त्यांना जोडणारा लगदा विकरांनी विरघळतो आणि पान सुटते. नर्सरीत हिरव्या जाळीखाली भरपूर उजेडात वाढलेले पान बैठकीच्या कोपऱ्यात आले की त्याची कमाई एकदम बसते. आपल्याला तो कोपरा उजळ वाटतो, कारण डोळ्याची बाहुली सावलीत मोठी होते. पानाला अशी सोय नाही. बाहेर भर दुपारी लाखभर लक्स उजेड असतो, खिडकीपासून दोन-तीन मीटर आत तो काही शेकड्यांवर येतो. पोसत नाहीत ती पाने झाड सोडते आणि नव्या उजेडाला जुळणारी पुढे काढते. ही पानगळ मरणाची खूण नाही.

घात होतो तो यानंतर. पाने पडली की घरातले माणूस घाबरते आणि तांब्या उचलते. पण पाने कमी म्हणजे पाण्याचा उपसाही कमी. वरून आपली माळव्याची काळी माती! शेतात ती सोने आहे, कुंडीत मात्र तिच्याइतकी वाईट माती नाही. तिचे चिकण कण पाणी पिऊन फुगतात आणि हवेच्या पोकळ्या बुजतात. मुळांनाही श्वास लागतो, आणि पाण्यातून प्राणवायू हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. गुदमरलेली मुळे इथिलीनचा कच्चा माल तयार करून वर धाडतात आणि पानांत पोचल्यावर त्याचे इथिलीन होते. टोमॅटोच्या रोपांत हे नीट तपासले गेले आहे. म्हणजे पानगळ थांबावी म्हणून घातलेले पाणीच पुढच्या पानगळीची व्यवस्था करते. त्यात पिथियमसारखे बुरशीवजा जीव शिरले की मूळकूज.

मातीतल्या हवेचा विषय निघाला की इंदूरच्या माणसाला एक गोष्ट अभिमानाने सांगावीशी वाटते. ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ साली इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत आले, त्याआधी बिहारातल्या पुसा इथे त्यांनी मातीच्या वायुवीजनावरच काम केले होते. पालापाचोळा, शेण आणि राख यांचे थर रचून, ढीग वेळोवेळी पालटून खत करण्याची त्यांची रीत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून गेली. १९३१ मध्ये त्यावरचे पुस्तक निघाले तेव्हा सहलेखक होते यशवंत वाड. ढीग पालटायचा तो आत हवा खेळावी म्हणून. कुंडीचेही तेच.

आत्याचे झाड कुंडीतून काढले. खालची मुळे तपकिरी आणि मऊ, बोटाने ओढली की साल हातात. ती धुतलेल्या कात्रीने कापली, पांढरी टणक मुळे ठेवली आणि झाड आधीपेक्षा लहान मातीच्या कुंडीत लावले. मोठ्या कुंडीत मुळे न पोचलेली माती ओलीच राहते. मिश्रणात दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग कुजलेले खत, एक भाग भरड वाळू आणि थोडे परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे). तळाशी विटांच्या तुकड्यांचा जाड थर मात्र घालू दिला नाही. बारीक माती खालच्या मोठ्या पोकळ्यांत पाणी सहज सोडत नाही, त्यामुळे चिंब पट्टा उलट मुळांजवळ वर सरकतो. भोकावर एक खापरी पुरे. झाड पूर्वेच्या खिडकीजवळ ठेवले आणि आत्याला सांगितले, "बोट दोन पेरं आत घाल. कोरडं लागलं तरच पाणी, आणि घालशील तेव्हा खालून वाहेपर्यंत."

थंडीत ती दहा-बारा दिवसांनी पाणी घालायची. इंदूरची डिसेंबरची रात्र दहा अंशांच्या खाली जाऊ शकते आणि पॉलिशियस उष्ण प्रदेशातले, पंधराच्या खाली कुढणारे. म्हणून रात्री खिडकी बंद. फाल्गुनात शेंड्यांवर पोपटी कोंब दिसले.

उन्हाळ्याची अडचण वेगळी. चाळीस अंशांवर एक घनमीटर हवेत सुमारे ५१ ग्रॅम वाफ मावते. लू, म्हणजे उन्हाळी झळा, वाहते तेव्हा आर्द्रता पंधरा टक्के धरली तर हवेची तहान, म्हणजे तिच्यात आणखी मावणारी वाफ, ४३ ग्रॅमची. श्रावणात सत्तावीस अंश आणि ऐंशी टक्के धरा, तहान पाचच ग्रॅमची. आठपट फरक! फवाऱ्याने पाने भिजवून फारसे साधत नाही, काही मिनिटांत ती ओल उडून जाते. कुंड्या जवळजवळ ठेवाव्यात. कूलरच्या खोलीत अरेलिया खूश असते, फक्त झोत थेट नको. एसीची हवा कोरडी, तिथे नको.

याच कोरड्या दिवसांत लाल कोळी येतो. अर्धा मिलिमीटरचा आठ पायांचा जीव, तीस अंशांना आठवड्याभरात अंड्यापासून प्रौढ होणारा. पानांवर टाचणीने टोचल्यासारखे फिके ठिपके दिसले की पांढऱ्या कागदावर फांदी झटका. ठिपके चालू लागले तर तोच. पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारा, मग लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचे तेल आणि साबणाचे चार थेंब, संध्याकाळी. अंडी वाचतात, म्हणून पाच-सहा दिवसांच्या अंतराने तीनदा.

शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा अशी कोवळी पाने दिसली तर बोरिंगचे पाणी आठवा. त्यातल्या क्षारांनी माती अल्कधर्मी होते आणि लोह असूनही मुळांना मिळत नाही. कुंडीच्या कडेचा पांढरा थर त्याचीच साक्ष. पागोळ्यांखाली बादली ठेवून जमवलेले पाणी यावर उत्तम.

आषाढात आत्याने उंच वाढलेले दोन शेंडे छाटले. पेन्सिलीएवढ्या जाड कांड्या, वरची तीन पाने ठेवून बाकीची काढली, ओल्या कोकोपीटमध्ये खोचल्या आणि वर प्लॅस्टिकची पिशवी झाकली. सहा आठवड्यांनी एक हलके ओढून पाहिली तर हलेना. ती कुंडी आता माझ्या खिडकीत आहे. तिला पाणी घालण्याआधी बोट घातलेस का, असे आत्या दर फोनला विचारते.