टेप जागेवरच, बदलतो तो हिशेब

मेनफ्रेमवरची, म्हणजे मोठ्या संस्थांच्या मोठ्या संगणकावरची, टेप व्यवस्थापन प्रणाली बदलायची म्हटली की पुष्कळांना वाटतं, हजारो चुंबकीय टेपांवरचा डेटा आता नव्या टेपांवर उतरवावा लागणार. तसं नाही. डेटा जिथल्या तिथे राहतो. बदलतो तो हिशेब: कोणत्या टेपवर कोणती फाइल आहे, टेप कुठे ठेवली आहे आणि ती पुन्हा वापरायला कधी मोकळी होईल.

हा हिशेब वेगळा का ठेवावा लागतो? मेनफ्रेमवर फाइलचं नाव ४४ अक्षरांपर्यंत असू शकतं, पण टेपवरच नोंदलेल्या लेबलात त्यासाठी जागा १७ अक्षरांचीच. लांब नावाची शेवटची १७ अक्षरंच तिथे उतरतात. त्यामुळे दोन वेगळ्या फाइली लेबलावर सारख्याच दिसू शकतात. पूर्ण नाव प्रणालीलाच तपासावं लागतं.

आता सीए १ या टेप व्यवस्थापन प्रणालीवरून आयबीएमच्या आरएमएम या दुसऱ्या प्रणालीकडे जाणं पाहा. मला यातला सर्वांत विलक्षण भाग वाटतो तो मुदतीच्या तारखांचा. जेसीएलमध्ये, म्हणजे मेनफ्रेमला काम (जॉब) सांगणाऱ्या सूचनांमध्ये, मुदत पाच अंकांत लिहीत: वर्षाचे दोन, दिवसाचे तीन. त्यातल्या ९८ आणि ९९ ने सुरू होणाऱ्या आकड्यांना सीए १ ने खास अर्थ दिले. ९९००० म्हणजे फाइल कॅटलॉगमध्ये, म्हणजे मेनफ्रेमच्या फाइलींच्या यादीत, आहे तोवर जपा. ९९००५ म्हणजे शेवटच्या पाच आवृत्त्या ठेवा. ९८०३० म्हणजे शेवटच्या वापरानंतर ३० दिवस थांबा. ९९३६५ म्हणजे कायम ठेवा.

आरएमएममध्ये असे हेतू व्हीआरएस नावाच्या वेगळ्या नियमांत मांडतात, बहुधा फाइलच्या नावाच्या साच्यानुसार. ९८०३० चा नियम न करता तो आकडा तारीख म्हणूनच नेला, तर मुदत ३० जानेवारी १९९८ लाच संपलेली दिसेल. टेप स्क्रॅच, म्हणजे पुन्हा वापरायला मोकळी, ठरेल आणि तिच्यावर दुसराच जॉब लिहून मोकळा होईल! म्हणून ‘एका बटणात मायग्रेशन’ (स्थलांतर) अशा जाहिरातींवर विश्वास ठेवू नये. कन्व्हर्जन प्रोग्राम नोंदी उचलून नेतो; त्यामागचा हेतू मात्र माणसांनाच शोधावा लागतो.

म्हणून काही काळ दोन्ही प्रणाली सोबत चालवतात. आरएमएम आधी फक्त नोंदी करतं, मग चूक दिसल्यास इशारा देतं, आणि शेवटच्या ‘प्रोटेक्ट’ अवस्थेत चुकीची टेप नाकारतं. तिथवर जाण्याआधी दोघांच्या स्क्रॅच याद्या ताडून पाहायच्या. जुनी प्रणाली जपते आणि नवी सोडून देते अशी एकही टेप निघाली, तरी तिचा नियम सापडेपर्यंत पुढची पायरी चढायची नाही.