पार्श्वभूमी : सर्वेक्षण केंद्रातून बाहेर पडलेले पुढे कुठे गेले?

देवनारच्या अभिमत विद्यापीठांतल्या केंद्रांत सर्वेक्षण प्रकल्पांवर काम करणाऱ्यांची घरं कुठे असणार, हे बऱ्याच अंशी लोकलने ठरवलं. मे १९९२ मध्ये मानखुर्द-वाशी मार्ग सुरू झाला आणि त्याच वर्षी देशातलं पहिलं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण घरोघर फिरू लागलं. प्रकल्पाच्या पगारात वाशी, नेरूळ, पुढे खारघर आवाक्यात होतं. २००४ मध्ये ठाणे-वाशी मार्ग खुला झाला आणि ऐरोली, घणसोली हा पट्टाही गोवंडी स्टेशनच्या टप्प्यात आला. प्रकल्प संपल्यावर ही मंडळी ज्या कामांना लागली, तीही मुख्यतः याच पट्ट्यातली. त्यांच्या वाटा समजून घ्यायच्या तर केंद्रात कोणाला कोणतं पद होतं आणि ते पद पुढे का नाहीसं झालं, हे आधी पाहावं लागतं.

देशातली नमुना पाहणी १९५० पासूनची. आरोग्य खात्याच्या अनुदानावर चालणारी लोकसंख्या संशोधन केंद्रं १९५८ पासून विद्यापीठांत आणि संस्थांत निघाली. आज ती १८ आहेत. मंजूर पदावर लागलेला माणूस तिथूनच निवृत्त व्हायचा, त्यामुळे 'माजी कर्मचारी' हा काही वेगळा वर्ग नव्हता. तो तयार झाला प्रकल्पापुरत्या भरतीमुळे. सर्वेक्षणाची फेरी आली की माणसं घ्यायची, अहवाल छापला की सोडायची, ही रीत १९९० नंतर पक्की झाली.

कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या १९९८-९९ च्या दुसऱ्या फेरीतलं पथक असं असे: एक पर्यवेक्षक, एक महिला एडिटर, चार महिला मुलाखतकार आणि उंची, वजन, हिमोग्लोबिन मोजणारी एक आरोग्य अन्वेषक. यातलं एडिटरचं पद बाहेरच्यांना नीट कळत नाही. एडिटर म्हणजे मजकूर सुधारणारी नव्हे. दिवसभरात भरलेल्या प्रश्नावल्या मुक्कामी पानोपान तपासून, पथक ते गाव किंवा ती वस्ती सोडण्याच्या आत चूक पकडणारी व्यक्ती. गाव सुटलं की पुन्हा त्या घरी जाणं खर्चात बसत नाही, म्हणून तपासणी त्याच रात्री व्हायला हवी.

ही तपासणी कशी चाले, याचा एक नमुना. सर्व तारखा 'शतक-महिना' संकेतात मोडायच्या: सालातून १९०० वजा करायचे, १२ ने गुणायचं, महिन्याचा क्रमांक मिळवायचा. मार्च १९९६ म्हणजे ११५५, ऑक्टोबर १९९६ म्हणजे ११६२. एका बाईच्या दोन मुलांचे जन्म असे लिहिले असतील तर फरक ७ येतो, आणि लागोपाठच्या दोन बाळंतपणांत ७ महिन्यांचं अंतर बसत नाही. मग तीन शक्यता: एका जन्माचा महिना चुकला, साल चुकलं, किंवा दुसरं मूल जावेचं आहे आणि घरच्या यादीतून चुकून या बाईच्या नावावर आलं. कोणती शक्यता खरी हे कागद सांगत नाही. सकाळी त्याच मुलाखतकाराला त्याच घरी पाठवायचं, लसीकरणाचं कार्ड किंवा शाळेचा दाखला मागायचा आणि खोडाखोड न करता एकच रेघ मारून शेजारी दुरुस्ती लिहायची.

दुसरी तपासणी याहून नाजूक. २००५-०६ पासून पाच वर्षांखालच्या मुलांसाठी आरोग्याचा लांबलचक भाग भरावा लागे: लसी, जुलाब, ताप, आहार. एका मुलामागे काम बरंच वाढतं. दमलेला मुलाखतकार चार वर्षं दहा महिन्यांच्या मुलाला पाच वर्षांचं करतो आणि तो भाग टळतो. तसंच ४८ वर्षांच्या बाईला ५० ची केलं की ती पात्रतेतूनच बाहेर जाते, कारण मुलाखत १५ ते ४९ वयाच्या बाईची. एका प्रश्नावलीत हे दिसत नाही. एकाच मुलाखतकाराच्या वीस प्रश्नावल्या शेजारी ठेवल्या, की चार वर्षांची मुलं कमी आणि पाचची जास्त दिसू लागतात. हा डोळा ज्याला आला त्याला पुढे कुठेही काम मिळालं.

आणि मिळालंच. १९९८ ते २००६ या काळातल्या एडिटर पुढच्या दहा वर्षांत तीन ठिकाणी दिसतात. काही त्याच केंद्रात प्रकल्प अधिकारी झाल्या आणि प्रशिक्षण पुस्तिका लिहू लागल्या. काही बाजार-पाहणी कंपन्यांच्या 'फील्ड कंट्रोल'मध्ये गेल्या, जिथे दहातल्या एका मुलाखतीची फेरतपासणी करायची असते. काम तेच, पगार जास्त. बऱ्याच जणी महापे, रबाळे, ऐरोलीच्या बॅक ऑफिसांत गेल्या: परदेशी पाहण्यांच्या मोकळ्या उत्तरांचं कोडिंग, टेबलं तपासणं, 'डीपी' म्हणजे डेटा प्रोसेसिंग. तिथे नोकरीचं पत्र, भविष्यनिर्वाह निधी, घरापासून दोन-तीन स्टेशनं. मुलं लहान असलेल्या बाईला पथकाबरोबर महिना-महिना फिरण्यापेक्षा हे सोयीचं होतं. केंद्रातल्या वरिष्ठांनी याला 'गळती' म्हटलं; खरं तर केंद्राने घडवलेलं कसब दुसऱ्याने दाम देऊन घेतलं, एवढंच.

मग २०१५-१६ ची चौथी फेरी आली. कागद गेला, मिनी नोटबुकवर थेट नोंद सुरू झाली. पथकात एक पर्यवेक्षक, तीन महिला आणि एक पुरुष मुलाखतकार, दोन आरोग्य अन्वेषक. एडिटर नाही. निर्णयामागचं कारण सरळ होतं. सात महिन्यांचं अंतर टाइप होताक्षणी संगणक अडवतो, चुकलेली उडी (लागू असलेले प्रश्न गाळून पुढे जाणं) मारूच देत नाही, मग रात्री तपासायला माणूस कशाला? शिवाय आवाका पाहा: पहिल्या फेरीत सुमारे ८८,५०० कुटुंबं, २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत सुमारे ६ लाख ३७ हजार. प्रत्येक पथकात एक माणूस वाढवणं म्हणजे मोठा खर्च.

पण संगणक फक्त विसंगती अडवतो. पाच वर्षांचं केलेलं चार वर्षांचं मूल पूर्णपणे सुसंगत असतं. त्यावर कुठलीही सूचना झळकत नाही. ते सापडतं मुख्यालयात नियमितपणे निघणाऱ्या, पथकवार आकडे मांडणाऱ्या फील्ड-चेक टेबलांत, आणि तोवर पथक पुढच्या वस्तीवर गेलेलं असतं. त्या टेबलावरून पर्यवेक्षकाला फोन जातो आणि पुढच्या आठवड्यापासून सुधारणा होते; झालेलं काम तसंच राहतं. आणखी एक त्रास म्हणजे घाईत सूचना दाबून पुढे जाण्याची सवय. काही सूचना सक्त असतात, काही नुसत्या इशारावजा, आणि इशारावजा सूचना 'हो' म्हणून मिटवता येतात. कोणत्या सूचना सक्त ठेवायच्या हे ठरवण्याच्या कामात जुन्या एडिटरना बसवायला हवं होतं. जिथे बसवलं तिथे प्रोग्रॅम चांगले झाले. बहुतेक ठिकाणी ते काम फक्त प्रोग्रॅमरकडे गेलं.

माजी कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने याचा परिणाम मोठा. मुलाखतकार, एडिटर, पर्यवेक्षक, प्रकल्प अधिकारी अशी चार पायऱ्यांची शिडी होती. तिची दुसरी पायरी निघाली. मुलाखतकाराला पर्यवेक्षक करायचं तर एकदम गाडी, पैसे, पथक सगळं सांभाळायला द्यावं लागतं आणि ते सहसा पुरुषाला दिलं जातं. स्त्रियांसाठी वर जायचा जो एक रस्ता होता, तोच बंद झाला. २०१५ नंतर बाहेर पडलेल्या मुलींच्या अनुभवपत्रावर म्हणून एकच शब्द राहतो: अन्वेषक.

हा शब्द फार गोंधळाचा आहे. राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयात 'अन्वेषक' हे गट क चं कायम पद आहे, त्याच्या वर सांख्यिकी सहायक आणि सहायक संशोधन अधिकारी. विद्यापीठीय केंद्राच्या प्रकल्पातला 'क्षेत्र अन्वेषक' दिवसाच्या किंवा महिन्याच्या मानधनावर, प्रकल्पापुरता. आरोग्य अन्वेषक रक्ताचा थेंब घेतो, उंची-वजन मोजतो. जनगणनेतला प्रगणक बहुधा शिक्षक असतो, तो अन्वेषक नव्हे. कागदपत्र पडताळणीत नुसतं 'अन्वेषक, तीन वर्षं' लिहिलेलं पत्र पुढे आलं की अधिकारी पहिला प्रश्न विचारतो: कोणत्या वेतनश्रेणीत? उत्तर नसतं आणि अनुभव शून्य धरला जातो. उलट, बाजार-पाहणीवाल्यांना हाच शब्द फार खालचा वाटतो, कारण त्यांच्याकडे मुलाखतकार म्हणजे एका मुलाखतीमागे ठरलेली रक्कम घेणारा. म्हणजे सरकारी दारात शब्द फार मोठा, खासगी दारात फार लहान.

म्हणून अनुभवपत्रात पदाचं नाव पुरत नाही. प्रकल्पाचं पूर्ण नाव, रुजू आणि मुक्त होण्याच्या नेमक्या तारखा, मधले खंड, काम पूर्ण वेळ की अंशकालीन, पाहणीसाठी निवडलेल्या किती नमुना-वस्त्या केल्या, यादी-नकाशा (वस्तीतल्या सगळ्या घरांची नोंद) केला की मुलाखती, कोणतं सॉफ्टवेअर वापरलं, दरमहा रक्कम किती आणि ती वेतन की मानधन, एवढं हवं. सही शक्यतो कुलसचिव किंवा प्रशासन अधिकाऱ्याची. प्रकल्पप्रमुखाच्या सहीचं पत्र तो निवृत्त झाला की पडताळायला कोणी उरत नाही. पत्र प्रकल्प बंद व्हायच्या आधी घ्यावं. फील्डवर्क निविदा काढून एजन्सीला दिलं असेल तर अडचण दुप्पट: माणसाने सांगायचं नाव विद्यापीठीय केंद्राचं, पण नेमणूकपत्र एजन्सीचं, आणि पुढच्या फेरीला एजन्सी वेगळी.

वेतन की मानधन यावरही बरंच अवलंबून असतं. मानधन 'व्यावसायिक फी' धरून १० टक्के कर कापला गेला असेल तर हाती फॉर्म १६ ऐवजी १६-अ येतो. घरकर्जाला बँक तो पगार मानत नाही. भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल तर तोच सेवेचा सगळ्यात पक्का पुरावा. मात्र प्रत्येक प्रकल्पात नवा सदस्य क्रमांक निघतो, नावाचं स्पेलिंग बदलतं आणि २०१४ पासून यूएएन (सगळी खाती जोडणारा एकच क्रमांक) आला तरी जुनी खाती त्याला न जोडता राहून जातात. पेन्शनसाठी १० वर्षांची सेवा लागते. चार प्रकल्पांची अडीच-अडीच वर्षं जोडली तर ती भरते, आणि मध्येच पैसे काढले तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. ग्रॅच्युइटीला जुन्या कायद्यात ५ वर्षं लागत, म्हणजे प्रकल्पवाल्याला ती जवळपास नव्हतीच. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत मुदतबंद कर्मचाऱ्याला एका वर्षानंतर मिळते. एजन्सीकडे रोजंदारीवर असलेल्यांना ही तरतूद आपोआप लागू होते असं धरून चालू नये.

अध्यापनाकडे जाणारी वाट अरुंद. नेट किंवा पीएच.डी. लागतेच. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत पीएच.डी. मिळवण्यात गेलेला काळ नेमणुकीसाठी संशोधनाचा अनुभव म्हणून धरला जात नाही. प्रकल्पात काम करता करता नोंदणी केलेल्यांच्या तारखा एकमेकींवर चढतात आणि छाननीत तेवढी वर्षं वजा होतात.

रुंद झाल्या त्या दुसऱ्याच वाटा. २००५ पासून आरोग्य अभियानात जिल्हा आणि पुढे महापालिका पातळीवर मूल्यमापनाची कंत्राटी पदं आली, अकरा-अकरा महिन्यांच्या आदेशांवर. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणाम मूल्यांकन आणलं; घर मोजणं, कुटुंब कुठे संपतं ते ठरवणं, गावठाणातल्या एका दारामागे किती चुली आहेत हे लिहिणं, हे यादी करणाऱ्यांचं रोजचं काम. जानेवारी २०२१ मध्ये सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चाचे, नियम बदलले: सरासरी १० कोटी किंवा त्याहून अधिक सीएसआर खर्चाचं बंधन असलेल्या कंपन्यांना १ कोटी आणि त्यावरच्या प्रकल्पांचं परिणाम मूल्यांकन त्रयस्थाकडून करून घेणं सक्तीचं झालं. आज ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या माजी कर्मचाऱ्यांना सगळ्यात जास्त कामं इथे आहेत. मुदत मात्र फार कमी. सहा आठवड्यांत पाहणी आणि अहवाल मागितला जातो आणि यादी करण्याचा टप्पाच गाळला जातो.

यादी गाळली की काय होतं, ते घोडबंदर रोड, उलवे किंवा खारघरमध्ये लगेच कळतं. नमुन्याची चौकट, म्हणजे ज्या यादीतून वस्त्या निवडतात ती, अजून २०११ च्या जनगणनेची. तेव्हा जो गणना-गट (एका प्रगणकाला दिलेला भाग) साधारण सव्वाशे घरांचा होता, तिथे आता टॉवर आहेत. नियम असा की ३०० किंवा त्याहून जास्त कुटुंबं निघाली तर वस्तीचे साधारण १००-१५० कुटुंबांचे भाग पाडायचे, त्यातले दोन निवडायचे, त्यांची यादी करायची आणि मग २२ कुटुंबं काढायची. टॉवरमध्ये हे करायला आधी सोसायटीच्या सेक्रेटरीला पत्र, मग सुरक्षारक्षकाकडून मजल्यांची यादी, बंद फ्लॅट आणि रिकामा फ्लॅट वेगळे नोंदवणं, आणि बंद घरी वेगवेगळ्या वेळी किमान तीन फेऱ्या. घाईतली पाहणी बंद घराऐवजी शेजारचं उघडं घर घेते. मग दिवसा घरी असणारी कुटुंबं जास्त येतात आणि दोघंही नोकरी करणारी गळतात.

ठाणे जिल्ह्याच्या आकड्यांत तर याहून मोठी गफलत होते. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला, पण चौथ्या फेरीचे जिल्हे २०११ च्या जनगणनेतले ६४०, म्हणजे त्यातलं 'ठाणे' जव्हार-मोखाड्यासकट. पाचव्या फेरीत ७०७ जिल्हे, पालघर स्वतंत्र. दोन फेऱ्यांचं 'ठाणे' शेजारी ठेवून सुधारणा झाली म्हणणारे अहवाल तयार होतात. कुपोषणाच्या आकड्यातली काही घट निव्वळ सीमा बदलल्यामुळे असू शकते. ज्याने यादी केली आहे, त्याला हे पहिल्या पानावरच खटकतं. अशा माणसाला मूल्यांकन संस्था 'सल्लागार' म्हणून बोलावतात, बहुधा अहवाल लिहून झाल्यावर, शेवटच्या आठवड्यात.